दूध तापवायला तुमचं काय जातं?

आपल्या स्वयंपाकघरात एक नियम घटनेपेक्षा पक्का आहे. दूध आलं की आधी तापवायचं. पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असं ठसठशीत छापलेलं असतं, म्हणजे डेअरीने ते आधीच तापवून गार केलेलं असतं, तरी पातेलं गॅसवर चढतंच. दुपारी पुन्हा एक उकळी. सायीसाठी, सवयीसाठी, सासूबाईंच्या धाकासाठी, कारण काहीही असो. आणि त्याच घरात, त्याच ओट्याच्या पायाशी, तीन किलो वजनाच्या शिट्झू कुत्र्याच्या वाडग्यात शेळीचं कच्चं दूध ओतलं जातं. चुकून नव्हे, मुद्दाम न तापवलेलं. तापवलं तर म्हणे त्यातलं 'सगळं मरतं'.

हो, मरतं. मरावं म्हणूनच तापवतात. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद एवढी उष्णता मिळाली की क्षयाचे, ब्रुसेलाचे, लिस्टेरियाचे, साल्मोनेलाचे जंतू गारद होतात. आपल्या आज्यांनी थर्मामीटर पाहिला नव्हता. त्यांनी दूध थेट वर येईपर्यंत नेलं. सार्वजनिक आरोग्याच्या नावाने खडे फोडावेत असं आपल्याकडे पुष्कळ आहे, पण ही एक सवय कुठल्याही सरकारी मोहिमेविना घराघरात मुरली, आणि ती बरोबर होती. नेमकी तीच मोडायची टूम आता निघाली आहे, तीही घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मुक्या जिवावर.

मी अंबरनाथची. कल्याणच्या पुढे गेल्या काही वर्षांत इमारती कशा उगवल्या ते पाहत आले आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये, अंबरनाथ पूर्वेला, बदलापूरला तर विचारूच नका. वन बीएचके, कर्ज वीस वर्षांचं, नवरा-बायको दोघंही सकाळच्या लोकलला. अशा घरात मोठा कुत्रा मावत नाही, म्हणून लहान येतो. २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि तेव्हापासून ही हौस उतरलेली नाही. पग झाला, पॉमेरेनियन झाला (आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकला जातो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, पण ते भांडण पुन्हा कधीतरी), आता शिट्झूची पाळी. कुत्रा पाळण्याला माझा विरोध नाही. माझ्याही घरात एक आहे आणि तो सोफ्यावर माझ्या आधी बसतो.

विरोध आहे तो पिल्लासोबत मिळणाऱ्या फुकटच्या सल्ल्याला. पिल्लू विकणारा पैसे मोजून घेतो आणि वर सांगतो, 'बकरी का दूध पिलाओ, कच्चा, एकदम तगडा बनेगा.' तो असं का सांगतो? कारण त्याने पिल्लू आईपासून महिन्याभरातच तोडलेलं असतं. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ सालापासून आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. पण महिन्याचं पिल्लू मुठीत मावतं, गोंडस दिसतं, लगेच खपतं, आणि महत्त्वाचं म्हणजे पुढचा महिनाभर त्याला पोसण्याचा खर्च वाचतो. तो खर्च आणि ती जोखीम शेळीच्या गळ्यात बांधून विक्रेता मोकळा. आईचं दूध चोरायचं आणि बदली म्हणून बाटलीचा पत्ता द्यायचा, असा हा धंदा आहे. लोक मात्र त्यालाच 'सर' म्हणतात आणि पशुवैद्याला 'इंजेक्शनवाला'.

ती बदली तरी बरोबरीची आहे का? कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण ९ टक्के, प्रथिनं ७ ते ८ टक्के आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. शेळीच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आतबाहेर, प्रथिनं साडेतीनच्या आत आणि लॅक्टोज सव्वाचार ते साडेचार. म्हणजे पिल्लाला जे भरपूर हवं ते निम्मं आणि जे बेतानं हवं ते जास्त. त्यात शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड इतकं कमी की नुसत्या त्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळांना पंडुरोग होतो, हे बालरोगतज्ज्ञ कधीपासून सांगत आले आहेत. 'शेळीच्या दुधात लॅक्टोज नसतं' असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत समजावलं. गाईच्या दुधात ४.७ टक्के असतं. फरक आहे तो एवढाच, आणि तेवढ्यावर गृहस्थ चार मजले चढले.

खरं काय आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईला शेळीचाच राग. या दुधातले स्निग्ध कण बारीक असतात, पोटात त्याचा साका मऊ होतो, म्हणून ते काहींना गाईच्या दुधापेक्षा सुखाचं जातं. हे गुण तापवल्यावरही राहतात. मग तापवल्याने जातं काय? थोडं बी-१, थोडं सी. सी जीवनसत्त्व कुत्रा स्वतःच्या यकृतात बनवतो. त्यासाठी त्याला लिंबू लागत नाही आणि शेळीही लागत नाही. एन्झाइम जातात म्हणाल, तर लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज कच्च्या दुधातही नसतंच. ते पिणाऱ्याच्या आतड्यात असतं आणि अंगावरचं दूध सुटलं की कमी होत जातं. २०१४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दूध न पचणाऱ्या १६ माणसांवर कच्च्या दुधाचा प्रयोग करून पाहिला. पोटाच्या तक्रारी पाश्चराइज्ड दुधाइतक्याच राहिल्या.

राहिले प्रोबायोटिक. कच्च्या दुधात जे जिवाणू येतात ते सडाच्या कातडीवरचे, लेंड्यांतले, धार काढणाऱ्या हातावरचे आणि शीतपेयाच्या ज्या जुन्या बाटलीतून ते येतं तिच्या बुडाचे. यांना प्रोबायोटिक म्हणायचं तर वालधुनी नदीच्या काठावर आरोग्यधाम काढावं लागेल. चांगले जिवाणू हवेत तर घरात दही आहे. विरजणाने लॅक्टोजही कमी झालेलं असतं. पण दह्याला कोण विचारतो? ते आजीनं लावलेलं असतं.

आता थोडं त्या बाईबद्दल, जिच्या शेळीचं हे दूध. बदलापूरच्या पुढे वांगणीकडे आणि इकडे मलंगगडाच्या पायथ्याला अजून शेळ्यांचे कळप दिसतात. आमच्या इमारतीत दूध घेऊन येणारी बाई तिकडचीच. एकदा गेटवर माझ्यासमोर ती गिऱ्हाइकाला सांगत होती, 'ताई, उकळूनच द्या हां, वाड्यातली एक शेळी गाभडलीय.' त्यावर ताई हसून म्हणाल्या, 'नाही मावशी, आम्हाला रॉच लागतं.' मावशीला 'रॉ' कळलं नाही. ताईंना 'गाभडली' कळलं नाही. आणि बाटली या हातातून त्या हातात गेली.

माझं आजोळ मुरबाडकडचं, घरात शेळ्या असत, म्हणून मला तो शब्द ऐकून घाम फुटला. शेळी दिवस भरण्याआधी पिल्लू टाकते तेव्हा कारणं अनेक असतात: मार, चारा, ताप. पण त्यांतलं एक कारण ब्रुसेला असतं, आणि ते असलं तर तो जंतू त्या शेळीच्या दुधातून पुढे महिनोन्‌महिने उतरत राहतो. शेळी चरते, उड्या मारते, तिच्याकडे पाहून काही कळत नाही. आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण गाभडलेल्या शेळीची धार ती वेगळ्या भांड्यात काढायची आणि ते भांडं चुलीवरून लवकर उतरायचं नाही. कुत्र्याला भाकरी मिळे. त्याच्यावर कोणी प्रयोग करत नसे.

हे काही गावंढळ भय नव्हे. या जंतूचा इतिहासच शेळीच्या कच्च्या दुधाचा इतिहास आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने वर्षानुवर्षं लोळत होते. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. गल्लोगल्ली दारात नेऊन जिची धार काढली जायची त्या गुटगुटीत शेळीवर कोणाची नजर गेली नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि चोर सापडला. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. त्याच १९०५ साली 'जोशुआ निकल्सन' नावाच्या जहाजातून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला निघाल्या होत्या. वाटेत खलाशांनी त्यांचं ताजं दूध मनसोक्त प्यायलं आणि मग एकामागून एक तापाने आडवे झाले. म्हणजे अमेरिकेला हा धडा शेळी धक्क्याला लागण्याआधीच मिळाला होता.

आपल्याकडे आजही हा रोग गेलेला नाही. २०१९ साली केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांच्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्यात ब्रुसेलाची लस कोणाला? गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना. शेळ्यांना नाही. शेळी लाळ्या-खुरकुताच्या यादीत आहे, ब्रुसेलाच्या नाही. तिच्या रक्ताची साधी चाचणी मिनिटांत होते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तालुक्याला दवाखाने आहेत. 'ऑरगॅनिक आहे ना? ग्रास-फेड आहे ना?' असं मावशीला बजावून विचारणाऱ्यांपैकी 'शेळ्यांचं रक्त तपासलंय का?' असं विचारणारा मला अजून भेटायचाय. वांगणीची शेळी गवत खाणार नाही तर काय पिझ्झा खाणार आहे?

'आमच्या कुकीला तर काहीच झालं नाही,' हे उत्तर मला पाठ आहे. कुकीला काय झालं हे तुम्हाला कसं कळणार? ब्रुसेला कुत्र्याच्या अंगात गुपचूप राहू शकतो. सांधे दुखतात हे कुकी सांगत नाही. ती फक्त सोफ्यावर उडी मारायची थांबते आणि तुम्ही म्हणता, 'शांत झालीय हल्ली.' शिवाय वाडगं धुता तुम्ही. दूध ओतताना हातावर सांडतं तुमच्या. कुकी वाडग्यातून तोंड काढते आणि थेट तुमच्या पोराचा गाल चाटते. मग पोराला किंवा तुम्हाला ताप येतो, संध्याकाळी चढतो, रात्री घाम फुटून उतरतो, आठवडाभराने पुन्हा येतो. कंबर धरते. मलेरियाची तपासणी होते, टायफॉइडची होते, तीही दोनदा, गोळ्यांचा एक कोर्स होतो, दुसरा होतो. घरात शेळीचं कच्चं दूध येतं का, हे कोणी विचारत नाही, कारण अंबरनाथच्या सातव्या मजल्यावर शेळी असेल असं कोणत्या डॉक्टरच्या मनात येईल? निदान झालंच तर निदान सहा आठवडे दोन-दोन प्रतिजैविकं घ्यावी लागतात.

पिल्लाला तेवढा अवधीही नसतो. लहान जातीचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे मूठभर शरीर. जुलाब लागले, पोटात अन्न ठरलं नाही, की रक्तातली साखर काही तासांत घसरते, पिल्लू लुळं पडतं. कच्च्या दुधाने जुलाब लागले तर या 'कच्चंच हवं' पंथातले लोक त्याला काय म्हणतात माहीत आहे? 'डिटॉक्स.' शरीर विष बाहेर टाकतंय, दोन दिवस थांबा, दूध चालू ठेवा. आणि याच वयात पार्व्हो हा जीवघेणा आजार येतो. त्याचीही सुरुवात जुलाब-उलटीनेच होते, त्यात दोन दिवस थांबणं म्हणजे पिल्लू हातचं घालवणं. मग रात्री अकराला गाडी शोधून परळ गाठायची. तिथलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांसाठी उभं आहे, पण बदलापूरहून परळ किती लांब आहे हे ज्याने मांडीवर गार पडत चाललेलं पिल्लू घेऊन तो रस्ता काढला त्यालाच विचारा.

हे खूळ आलं कुठून? अमेरिकेतून, अर्थातच. तिथे शेळीचं कच्चं दूध कुत्र्यांसाठी म्हणून गोठवलेल्या डब्यांत मिळतं आणि इथल्या लोकांना वाटतं, तिकडच्या शास्त्राने हे मान्य केलंय. शास्त्राचं म्हणाल तर तिथल्या पशुवैद्यकांची मोठी संघटना कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस, कच्चं दूध देऊ नका असंच सांगते. मग डबे का मिळतात? माणसांना विकण्यासाठी कच्चं दूध राज्याबाहेर नेण्यावर तिथे १९८७ पासून बंदी आहे आणि फ्लोरिडासारख्या राज्यात माणसांसाठी ते विकताच येत नाही. पण जनावरांचं खाद्य म्हणून विकता येतं. म्हणून बाटलीवर कुत्र्या-मांजराचं नाव टाकतात आणि पितात माणसं. विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, सरकारलाही माहीत. कुत्रा हा त्या बाटलीवरचा बुरखा आहे. आणि आपल्याकडे तो बुरखाच आरोग्याचा सल्ला म्हणून येऊन पोचला.

उल्हासनगरवर एक जुना विनोद आहे, तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि त्याचा अर्थ होतो उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीत सगळं गमावून लष्कराच्या रिकाम्या बराकींत आलेल्या माणसांनी १९४९ पासून इथे शहर उभं केलं. त्यांच्या हिकमतीला हसणाऱ्यांनी हसून घेतलं. पण त्यांनी निदान इथला माल तिकडचा म्हणून खपवला, त्यातून चार घरं चालली. आताचे शहाणे तिकडची पळवाट इकडे आणून स्वतःच्याच घरात खपवतात, आणि वर पैसे मोजतात.

पळवाट इथेही तशीच तयार आहे बरं का. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाच्या खाण्यासाठीचं. जनावरांचं खाद्य त्या व्याख्येतून वगळलंय. म्हणजे 'फक्त कुत्र्यांसाठी' एवढे दोन शब्द चिकटवले की कायद्याचा हात तिथपर्यंत जातच नाही. उद्या कोणी अंबरनाथला गाळा घेऊन हेच दूध रंगीत बाटलीत भरून तिप्पट भावाने विकू लागला, तर त्याला विचारणारं कोण?

मध्येच कोणीतरी गांधीजींना आणतं. 'बापू शेळीचंच दूध प्यायचे.' प्यायचे. १९१८-१९ च्या दुखण्यात अंगात त्राण राहिलं नव्हतं. हवापालटासाठी आपल्या नेरळच्या डोक्यावरच्या माथेरानला नेलं, तर तिथलं जड पाणी बाधलं, आठवड्याभरात परतले. मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घ्यायला सांगितलं. गाई-म्हशीचं न पिण्याचं व्रत होतं, तेव्हा कस्तुरबांनी शेळीचं सुचवलं. गांधीजींनी ते घेतलं आणि व्रताचं अक्षर पाळून आत्मा मोडला म्हणून आयुष्यभर मनाला लावून घेतलं. ज्या दुधाबद्दल पिणाऱ्यालाच एवढी टोचणी होती त्याची जाहिरात त्याच्या नावाने होते. आणि गांधीजी कितीही किरकोळ असले तरी तीन किलोचे नव्हते.

वजनाचा हा मुद्दा थट्टेचा नाही. तीन किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण २५० कॅलरी लागतात. २०० मिलिलिटर शेळीचं दूध म्हणजे सुमारे १४०. एक पेला दूध पाजलं की त्याच्या दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक वाटा संपला, मग त्यावर त्याचं जेवण, त्यावर बिस्किटं, त्यावर आजोबांनी टेबलाखालून सरकवलेला पराठा. सहा महिन्यांनी कुत्रा उशीसारखा होतो आणि लोक म्हणतात, 'दूध मानवलं.' वरखाऊ खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, हा पशुवैद्यांचा साधा हिशोब धरला तर या कुत्र्याच्या वाट्याला येतं दोन-अडीच मोठे चमचे. उकळलेलं, गार केलेलं. जुलाब झाले तर तेही बंद. आई नसलेलं तान्हं पिल्लू असेल तर दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती दर दोन-तीन तासांनी, पशुवैद्याला विचारून. एवढंच. यासाठी ना अमेरिका लागत ना बापू.

वांगणीची मावशी पुढच्या महिन्यापासून दूध आणणार नाही म्हणते. तिच्या शेळ्या उस्मानाबादीच्या वळणाच्या, मुळात मटणाच्या, दिवसाला लिटरभराच्या आतबाहेर देणाऱ्या, आणि बहुतेकींना जुळी करडं. बाटल्या भरता भरता करडं वाळली; पावसाआधी ती धरली नाहीत तर बाजारात वजनाला काही येणार नाही, हा तिचा हिशोब. तो ऐकून आमच्या इमारतीत हाहाकार माजला. कोणी म्हणालं जास्त पैसे देऊ, कोणी म्हणालं करडांना पावडरीचं दूध पाजा म्हणावं. परवा ताईंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली करून विचारलं, तुमच्या मुरबाडकडे कोणी गाढवीण पाळतं का हो?